विश्लेषण : बोर्डिंगमधून काढलेल्या मुलाने बोर्डिंगचे जाळे उभारले, भाऊराव पाटलांचे विद्यार्थी शिकून परत का आले?

माजी विद्यार्थी मेळावा म्हटला की काय होते, हे आता सगळ्यांना पाठ आहे. व्हॉट्सॲप ग्रुप तयार होतो, बॅचनुसार फोटो निघतात, शाल-श्रीफळ होते, जेवण होते आणि शेवटी एक गुगल फॉर्म येतो. ‘नॅक’च्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा वेगळा मुद्दा आहे. त्यामुळे फॉर्म भरून घेण्याची घाई कॉलेजलाच जास्त असते. हॉस्टेलमध्ये चार वर्षे काढलेल्या इंजिनीअरला मात्र माहीत असते, की खरे काम मेळाव्याबाहेर चालते. सीनिअर नोट्स देतो, कोणीतरी मेसचा हिशेब सांभाळतो, नोकरीला लागलेला एखादा दोन वर्षांनी रेफरल पाठवतो.

याच साध्या देवाणघेवाणीवर महाराष्ट्रात एक मोठी शिक्षणसंस्था उभी राहिली. तिचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः मॅट्रिक झाले नव्हते. विद्यार्थी असताना त्यांना बोर्डिंगमधून काढून टाकण्यात आले होते.

बोर्डिंगमधून का काढले?

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. घराणे जैन, मूळ गाव आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा सरकारी नोकरीत असल्याने बदल्या होत. पुढच्या शिक्षणासाठी मुलाला कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये घातले आणि राहण्याची सोय जैन बोर्डिंगमध्ये झाली. बोर्डिंगची सूत्रे अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. शिस्त कडक, सोवळे-ओवळे त्याहून कडक.

त्या काळात राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहांची रांगच लावली होती. १९०१ मध्ये मराठा आणि जैन विद्यार्थ्यांची सोय झाली, पुढे मुस्लीम बोर्डिंग आले. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. त्याच्या उद्घाटनाला भाऊराव जाऊन बसले. परत आल्यावर आंघोळ करून ‘शुद्ध’ व्हावे, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंगचे दार बंद झाले. शाहू महाराजांनी या मुलाला आपल्याकडे ठेवून घेतले. पण अभ्यासात भाऊरावांचे मन कधी रमलेच नाही. गणित नावडते, कुस्ती आवडती. इंग्रजी सहावीच्या पुढे गाडी सरकली नाही.

एकेका समाजाचे एकेक बोर्डिंग, ही शाहू महाराजांची पद्धत आज खटकू शकते. पण त्या वेळी एकत्र जेवायला कोणी तयार नसताना मुलांना शहरात टिकवून धरण्याचा तोच चालणारा मार्ग होता. भाऊरावांनी त्याच्या पुढचे पाऊल टाकले. मात्र ते टाकता आले, कारण आधीचे पाऊल पडले होते.

ज्यांनी काढले, त्यांच्याविरुद्ध साक्ष का दिली नाही?

१९१४ मध्ये कोल्हापुरात राजपुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण गाजले. संशयाचा रोख लठ्ठे यांच्याकडे वळला. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दबाव आला. ज्या बोर्डिंगने त्यांना बाहेर काढले, त्याच बोर्डिंगच्या प्रमुखाविरुद्ध बोलायचे होते. हिशेब चुकता करायचा असता तर यापेक्षा सोपी संधी मिळाली नसती. भाऊरावांनी साक्ष दिली नाही. त्यांना तुरुंगात टाकण्यात आले, छळ झाला आणि कोठडीत त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. (हेच लठ्ठे पुढे कोल्हापूर संस्थानचे दिवाण आणि १९३७ च्या मुंबई प्रांताच्या सरकारात अर्थमंत्री झाले.)

भाऊरावांच्या चरित्रात या प्रसंगाला दोन-चार ओळी मिळतात. पण पुढे मुलांनी त्यांच्यावर ज्या प्रकारचा विश्वास टाकला, त्याचे मूळ इथे शोधावे लागते.

नांगर विकणारा माणूस शिक्षणाकडे कसा वळला?

भाऊरावांनी पोटासाठी अनेक उद्योग केले. साताऱ्यात शिकवण्या केल्या, तेव्हा लोक त्यांना पाटील मास्तर म्हणत. ओगले काच कारखान्यासाठी फिरले. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर घेऊन गावोगाव गेले. पुढे धनजीशा कूपर यांच्याबरोबर साताऱ्याजवळ कारखाना उभारण्यात पुढाकार घेतला, पण मतभेद झाले आणि तेथून बाहेर पडले.

फिरतीच्या या नोकऱ्यांमुळे एक गोष्ट घडली. नांगर विकायचा तर शेतकऱ्याच्या ओसरीवर बसावे लागते, त्याचे कर्ज, त्याची जमीन, त्याची पोरे यांबद्दल बोलावे लागते. शाळा कुठे आहे, कुठे नाही, मुलगा चौथीनंतर गुरांमागे का गेला, हे भाऊरावांना अहवाल न वाचता कळले. १९१० मध्ये त्यांनी मित्रांबरोबर दूधगाव येथे विद्यार्थी आश्रम सुरू केला होता, त्यातही निरनिराळ्या समाजांची मुले होती. इस्लामपूर भागात वर्गाबाहेर बसवलेला ज्ञानदेव घोलप हा मुलगा त्यांना दिसला. त्याला त्यांनी घरी आणले आणि मिस क्लार्क बोर्डिंगमध्ये पोहोचवले, असे चरित्रकार नोंदवतात. घोलप पुढे ‘मूकनायक’चे संपादक आणि मुंबई कायदे कौन्सिलचे सदस्य झाले. भाऊरावांच्या हाताखालून गेलेल्यांपैकी सार्वजनिक जीवनात पुढे आलेला हा बहुधा पहिला मुलगा, आणि तोही रयत शिक्षण संस्थेचा जन्म होण्याआधीचा.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले या गावी, सत्यशोधक समाजाच्या परिषदेच्या निमित्ताने, रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्यात आली आणि छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस सुरू झाले.

साताऱ्याचे बोर्डिंग चालायचे कसे?

सुरुवात घरातूनच झाली. मूठभर मुले, निरनिराळ्या जातींची. एकाच चुलीवरचे जेवण आणि एकाच पंगतीत बसणे, ही पहिली अट. १९२४ साली सातारच्या पेठांमध्ये ही अट साधी नव्हती. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्यात आले, तेव्हा त्यांच्या हस्ते बोर्डिंगचा नामकरण समारंभ झाला. पुढे सातारच्या छत्रपतींच्या धनिणीच्या बागेत बोर्डिंगला जागा मिळाली.

रोजची कामे मुलांकडेच असत. दळण, स्वयंपाक, झाडलोट, भाजीपाला, शेत, धान्याचे कोठार, बाजारहाट. नोकर ठेवायला पैसेही नव्हते, हे खरेच. पण केवळ पैसे नव्हते म्हणून हे चालले, असे म्हटले तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखे होईल. कष्ट करून शिकणाऱ्या मुलाला कोणाच्या उपकाराचे ओझे नसते, यावर भाऊरावांचा पक्का विश्वास होता. श्रीमंत मुलालाही त्यातून सूट नव्हती. जो मुलगा कोठाराची किल्ली सांभाळतो, त्याला किती धान्य उरले आणि किती दिवस पुरेल हे रोज पाहावे लागते. ज्याच्याकडे पाळ्या लावण्याचे काम असते, त्याला आपल्याच मित्राशी वाद घालावा लागतो. आज कॉर्पोरेट ट्रेनिंगमध्ये ‘लीडरशिप डेव्हलपमेंट’ म्हणून दोन दिवसांची वर्कशॉप होते, त्यात स्लाइडवर जे दाखवतात ते इथे पंधरा वर्षांची मुले भाकऱ्या थापताना शिकत होती.

भाऊराव स्वतः अनवाणी फिरत, मुलांमध्ये राहत, गावोगावच्या बाजारातून आणि शेतकऱ्यांच्या खळ्यावरून धान्य गोळा करत. स्वभाव तापट होता. त्यांच्या रागाला सगळे बिचकत. संस्थेत त्यांचा शब्द शेवटचा असे, आणि ही गोष्ट नेहमीच भल्याची ठरते असे नाही. दुसरी बाजू मुलींची. त्यांच्यासाठी जिजामाता अध्यापिका विद्यालयासारखी सोय झाली, पण मुलग्यांच्या बोर्डिंगच्या मानाने ती बरीच उशिरा.

लक्ष्मीबाईंचा वाटा किती?

हा प्रश्न वेगळा विचारायलाच हवा. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळे पाळणाऱ्या घरातून आल्या होत्या. नवऱ्याने एक दिवस निरनिराळ्या जातींची पोरे घरात आणून उभी केली. हे पचवायला त्यांना वेळ लागला, आणि तो लागणारच. नंतर मात्र त्या पोरांची आई त्याच झाल्या. बोर्डिंगच्या खर्चासाठी अंगावरचा एकेक दागिना गेला. भाऊराव परगावी असताना कोठारातले धान्य संपले आणि मुलांना उपाशी ठेवायला नको म्हणून त्यांनी मंगळसूत्रही काढून दिले.

१९३० मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. संस्थेचा पुढचा विस्तार त्यांनी पाहिला नाही.

बोर्डिंगमधली मुले परत का आली?

आपल्या प्रश्नाचा गाभा इथे आहे. गरीब घरातला मुलगा शिकला की त्याच्यासमोर साधे गणित असते. सरकारी नोकरी मिळाली तर घर सावरते. मग साताऱ्याला परत येऊन कमी पगारात शिकवायला कोण थांबेल?

इस्माईलसाहेब मुल्ला थांबले. बोर्डिंगचे विद्यार्थी, पुढे वकील, आणि आयुष्यभर संस्थेचे काम करणारे. साताऱ्याच्या विधी महाविद्यालयाला आज त्यांचे नाव आहे. बॅरिस्टर पी. जी. पाटील थांबले. बोर्डिंगमधून वाढलेला हा मुलगा केंब्रिजपर्यंत गेला, बॅरिस्टर झाला आणि परतल्यावर मुंबई हायकोर्टाऐवजी साताऱ्याच्या वर्गात उभा राहिला. पुढे ते शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. अशी नामांकित उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजता येतील, पण त्यांच्या मागे प्राथमिक शिक्षक, मुख्याध्यापक, रेक्टर यांची मोठी फळी होती.

हे आपोआप झाले नाही. त्यामागे तीन-चार गोष्टी होत्या, आणि त्या एकमेकींत गुंतलेल्या होत्या. १९३५ मध्ये साताऱ्यात अध्यापक विद्यालय सुरू झाले. त्यातून बाहेर पडलेल्या तरुणांना ज्या गावात शाळाच नाही, तिथे व्हॉलंटरी शाळा काढायला पाठवले जाई. चावडीत, देवळात, झाडाखाली. म्हणजे शिकून झालेल्या मुलाला संस्था नोकरी देत नव्हती, एक गाव देत होती. डोंगरकपारीतल्या वस्त्यांवर अशा ५७८ शाळा निघाल्याची संस्थेची नोंद आहे. विशीतल्या तरुणाने गावकऱ्यांना पटवायचे, जागा मिळवायची, मुले जमवायची, सरकारी तपासणीला तोंड द्यायचे. हे करून जो टिकला, तो पुढे कुठलीही शाळा चालवू शके.

दुसरे म्हणजे आजीव सेवकांची पद्धत. ही कल्पना महाराष्ट्रात नवी नव्हती. १८८४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सदस्यांनी ठरावीक वर्षे अल्प वेतनावर काम करण्याची शपथ घेतलेली असे. तेथे पैशाच्या प्रश्नावरून वाद झाले आणि १८९० मध्ये लोकमान्य टिळक बाहेर पडले. फरक असा, की पुण्यातले आजीव सदस्य आधीच शिकलेले, बाहेरून ध्येयाने आलेले तरुण होते. साताऱ्यातले बहुतेक जण त्याच पंगतीत जेवून मोठे झालेले. संस्था सोडणे त्यांच्यासाठी राजीनामा देणे नव्हते, घर सोडणे होते. अर्थात या भावनेचा ताणही असतो. ज्याला खरोखर दुसरीकडे जायचे आहे, त्याला घर सोडल्याचा अपराध वाटत राहतो. याबद्दल गौरवग्रंथांत फारसे सापडत नाही.

तिसरी गोष्ट पैशाची. सेवकांनी पगारातला काही भाग संस्थेसाठी द्यायचा, ही सवय सुरुवातीपासून लावली गेली. कमावत्या माजी विद्यार्थ्याच्या पैशातून पुढच्या मुलाची फी निघे. रयतच्या बोधचिन्हावर वटवृक्ष आहे. पारंबी जमिनीला टेकली की तिचेच खोड होते, हे तिथल्या मुलांना वेगळे समजावून सांगावे लागत नसे.

जगात असे दुसरे काही आहे का?

अमेरिकेतल्या कॉलेजांत ‘फ्रॅटर्निटी’ नावाचे विद्यार्थी बंधुसंघ असतात. ग्रीक अक्षरांची नावे, स्वतःचे घर, दीक्षाविधी. त्यातला सर्वात जुना ‘फाय बीटा कप्पा’ १७७६ मध्ये व्हर्जिनियात सुरू झाला, तो आता गुणवंतांची संस्था आहे. या संघांची घरे अनेकदा माजी सदस्यांच्या ताब्यात असतात, तेच दुरुस्ती करतात आणि तरुणांना नोकरीची वाट दाखवतात. प्रवेश मात्र निवडीने मिळतो आणि निवड बराच काळ गोऱ्या, सधन मुलांपुरती होती. म्हणूनच १९०६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी ‘अल्फा फाय अल्फा’ हा आपला संघ काढला. मार्टिन ल्यूथर किंग पुढे त्याचे सदस्य झाले. साताऱ्याच्या बोर्डिंगचे नाते जुळते ते या दुसऱ्या प्रकाराशी. फक्त तिथे एका बंद दाराशेजारी दुसरे दार उघडले, इथे दार काढूनच टाकले गेले.

सरकारने अनुदान थांबवले तेव्हा काय झाले?

१९४० मध्ये महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाने साताऱ्यात ‘कमवा आणि शिका’ तत्त्वावरचे हायस्कूल सुरू झाले. १९४७ मध्ये त्याच तत्त्वावर छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. मुलांनी माळरान फोडले, शेती केली, बांधकामावर राबले आणि पदवी घेतली. मोठी देणगी घेऊन कॉलेजला दुसरे नाव देण्याचा प्रस्ताव आला होता, तो भाऊरावांनी उडवून लावला.

गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कूले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी केला. त्याच वर्षी, १९४८ मध्ये, मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबवले. सरकारवर केलेली टीका त्यांना भोवली. शाळा चालू, पगार बंद, अशी अवस्था झाली. या काळात संस्था बुडाली नाही, कारण सेवक पगाराविना वर्गावर जात राहिले. त्यातले कित्येक जण बोर्डिंगचे विद्यार्थी होते. गावांनी धान्य दिले. गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. १९५४ मध्ये कराडला निघालेल्या कॉलेजला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव आहे.

१९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने मॅट्रिकही न झालेल्या भाऊरावांना सन्माननीय डी.लिट. दिली, त्याच वर्षी पद्मभूषण मिळाले. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा संस्थेची ३८ बोर्डिंगे, १०८ माध्यमिक शाळा, ६ अध्यापक विद्यालये आणि ३ कॉलेजे होती.

अमडापूरच्या विद्यार्थ्याचा याच्याशी काय संबंध?

चिखली-खामगाव रस्त्यावरच्या अमडापूरला रयतची शाळा शोधायला जाऊ नये. रयतचा मोठा पसारा पश्चिम महाराष्ट्रातला आहे. पण धागा आहे, आणि तो इथल्या पोरांच्या कागदपत्रांवरच छापलेला आहे. बुलढाणा जिल्ह्यातली कॉलेजे ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत, ते संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ. रयतचे अनुदान सुटावे म्हणून धडपडणारे तेच गाडगेबाबा.

विदर्भात भाऊरावांच्या तोडीचे काम डॉ. पंजाबराव देशमुखांनी केले. २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या पापळ येथे शेतकरी घरात जन्मलेले पंजाबराव एडिंबरा आणि ऑक्सफर्डला शिकून १९२६ मध्ये परतले. परत आल्यावर जी पहिली कामे हाती घेतली, त्यात अमरावतीचे श्रद्धानंद छात्रालय होते, सर्व जातींच्या मुलांसाठी. १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. अमडापूरहून एसटीने चिखलीला जाणाऱ्या मुलांना ‘शिवाजी कॉलेज’ हे नाव नवीन नाही, ते याच संस्थेचे. दोघांची वाट वेगळी होती. भाऊराव राजकारणापासून दूर राहिले, पंजाबराव प्रांतात आणि पुढे केंद्रात मंत्री झाले. पण सुरुवात दोघांनीही वर्गखोलीपासून न करता मुलाच्या राहण्या-जेवणापासून केली. खेड्यातला मुलगा शाळा सोडतो तो बहुतेक वेळा अभ्यास जमत नाही म्हणून सोडत नाही, शहरात राहायचे कुठे आणि खायचे काय म्हणून सोडतो, हे दोघांनाही ठाऊक होते.

महाडीबीटी पोर्टलवर आज डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचा अर्ज दिसतो. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी ती आहे. पुणे विद्यापीठातली ‘कमवा व शिका’ योजना भाऊरावांच्या नावाने चालते. पहिल्या योजनेत पैसे थेट खात्यात येतात, दुसरीत कामाच्या तासांप्रमाणे मानधन मिळते. कोठाराची किल्ली मात्र दोन्हींत कोणा विद्यार्थ्याकडे नसते. आणि मेळाव्याच्या गुगल फॉर्ममध्ये माजी विद्यार्थ्याला पद, पॅकेज आणि देणगीची रक्कम विचारतात. पुढच्या वर्षी हॉस्टेलला येणाऱ्या गावाकडच्या मुलाला किती दिवस सोबत कराल, असा रकाना त्यात अजून पाहण्यात आलेला नाही.